वरातीतला आवाज : परभणीतून पेंटाग्राम ऐकताना

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आमच्या परभणीतही टँकरचीच वाट बघणं चालू होतं. तरी लग्नं व्हायची ती झालीच. लग्न म्हटलं की वरात, वरात म्हटलं की डीजे आणि त्या वर्षी डीजे म्हटलं की ‘मल्हारी’. ‘बाजीराव मस्तानी’ डिसेंबर २०१५ मध्ये लागला होता आणि एप्रिलपर्यंत हे गाणं आमच्या गल्लीबोळात इतकं मुरलं की नवरदेवाचं नाव विसरायचं, पण ‘मल्हारी’ कुठे सुरू होतं ते लक्षात राहायचं. त्यातला तो खरबरीत, घसा ताणून वर चढणारा आवाज थेट छातीत घुमायचा. हा माणूस कोण, असं कुणी विचारलं नाही. वरातीत नाचायचं असतं, चौकशा करायच्या नसतात.

नाव मला दोनेक वर्षांनी कळलं : विशाल ददलानी. गाणं संजय लीला भन्साळींनी संगीतबद्ध केलेलं, शब्द प्रशांत इंगोले यांचे, गळा ददलानीचा. मग यूट्यूबने आपली नेहमीची करामत केली आणि त्याच माणसाचा एक इंग्रजी व्हिडिओ समोर आणून ठेवला. आधी वाटलं, नावात काहीतरी घोळ आहे. पण गळा तोच होता. ढोल-ताशे नव्हते, शेकडो नाचणारे नव्हते. चार माणसं, गिटार, बेस, ड्रम आणि एक माइक. बँडचं नाव पेंटाग्राम.

हा लेख त्या बँडबद्दल आहे. पण आधीच सांगून टाकतो, मी त्यांना मुंबईतल्या कुठल्या मैदानात गर्दीत उभं राहून ऐकलेलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या आठवणी वेगळ्या असतील. मी त्यांना उलट्या क्रमाने ऐकलं : आधी वरात, मग सिनेमा, मग बँड आणि सगळ्यात शेवटी त्यांचा सगळ्यात पहिला अल्बम. महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी पेंटाग्रामला याच क्रमाने ऐकलेलं आहे, आणि त्यातले बहुतेक जण पहिल्या पायरीवरच थांबलेत. या बँडने काय कमावलं आणि काय हातचं जाऊ दिलं, हे समजून घ्यायला ही उलटी वाट मला जास्त उपयोगी वाटते.

*

पेंटाग्राम नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईत सुरू झाला. त्याआधी मुंबईत रॉक नव्हता असं नाही. १९८४ च्या सुमारास निघालेला ‘रॉक मशीन’ होता, जो १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. धोबी तलावजवळ रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं आणि १९८६ पासून भरणारा ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव होता. पुढे जवळच्या रुग्णालयांमुळे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं आणि तिथला मोठ्या आवाजाचा जमाना संपला.

त्या काळात बहुतेक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवायचे. श्रोत्यांनाही तेच हवं असायचं. आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रावाल्याला ‘किशोरचं म्हण’ म्हणतात, तसं तिथे कुठल्यातरी मोठ्या इंग्रजी बँडचं म्हण. अशा दिवसांत १९९६ मध्ये पेंटाग्रामचा पहिला अल्बम आला, स्वतःच्या गाण्यांचा. नाव ‘वुई आर नॉट लिसनिंग’. आम्ही ऐकत नाही. आईबापांना, मास्तरांना, सरकारला उद्देशून विशीतली पोरं म्हणतात तसं. पण ते वाक्य मला त्यांच्या श्रोत्यांनाही उद्देशून वाटतं : तुमची फर्माईश आम्ही ऐकणार नाही, आम्ही आमचं वाजवणार.

दुसरा अल्बम ‘अप’ आला २००२ मध्ये. मधल्या सहा वर्षांत बँड बदलला होता. पहिल्या अल्बमात गिटारचा जाड, जड मारा होता. आता संगणकावर रचलेले ठेके, इलेक्ट्रॉनिक सूर आणि नाचायला लावणारी लय आली. रॉकच्या कर्मठ चाहत्यांना संगणकाचं वावडं असतं, भजनी मंडळातल्या जुन्या लोकांना कीबोर्डचं असतं तसं. या चौघांनी ते सोवळं पाळलं नाही. चौघं म्हणजे ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बेसवर पापल माने आणि ड्रमवर शिराझ भट्टाचार्य. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात ते वाजवून आले. २००७ मध्ये ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ आणि २०११ मध्ये ‘ब्लडीवुड’. पंधरा वर्षांत चार अल्बम. एका बँडच्या हिशेबात हे थोडं आहे. पण चारपैकी एकही अल्बम आधीच्याची नक्कल नाही, आणि ही गोष्ट थोडी नाही.

*

आता त्यांच्या आवाजाबद्दल.

मी पहिल्यांदा ‘व्हॉइस’ आणि ‘इलेक्ट्रिक’ ऐकली ती मोबाईलवर, एका बाजूने बंद पडलेल्या इअरफोनमधून. शब्द फारसे कळले नाहीत. कळली ती गिटार. रँडॉल्फ कोरिया गिटार वाजवतो तेव्हा ती गिटार आहे हे कधीकधी विसरायला होतं. ती तारांवरून येते, पण मध्ये इतक्या पेट्यांतून आणि पेडलांतून गाळून येते की कधी कीबोर्ड वाटते, कधी गिरणीतलं मशीन. सूर सरळ येत नाही, चिरफाळून येतो.

आणि मला आठवला बेंजो.

परभणी, नांदेड, हिंगोलीकडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. बेंजो म्हणजे पाश्चात्त्य बँजो नव्हे. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं, मांडीवर किंवा स्टँडवर ठेवून वाजवायचं तारांचं वाद्य. त्याला पिकअप लावायचा, ॲम्प्लिफायरला जोडायचं आणि गाडीवर बांधलेल्या कर्ण्यांतून सोडायचं. कर्ण्याला तो भार पेलत नाही, सूर फाटतो. त्या फाटलेल्या सुरावरच गणपतीची मिरवणूक चालते, चौदा एप्रिलची चालते, उरुसातला संदल चालतो. आवाज मुद्दाम फाडून त्यातून नशा काढणं, हा शोध एका बाजूला इलेक्ट्रिक गिटारवाल्यांनी लावला आणि दुसऱ्या बाजूला आपल्या बेंजो पार्ट्यांनी. दोघांना एकमेकांची खबर नव्हती.

म्हणून पेंटाग्रामचा आवाज मला परका वाटला नाही. परकी वाटली ती भाषा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे सर्रास उलटं बोललं जातं : रॉक हे आपल्या मातीतलं नाही, आपल्या कानाला ते झेपत नाही. खोटं आहे हे. ज्या कानांनी ऐन मे महिन्यात रात्री बारापर्यंत फाटलेला बेंजो पचवला, त्यांना कोरियाची गिटार काय जड आहे?

ददलानीच्या गळ्याबद्दलही तेच. त्या गळ्याला साजूक तुपाची गोडी नाही. तो सूर गाठताना दम लावतो आणि तो दम लपवत नाही. हिंदी सिनेमात अशा गळ्याला बराच काळ कव्वालीत किंवा विनोदी गाण्यात जागा असायची, नायकाला क्वचित. पेंटाग्राममध्ये मात्र हा गळाच नायक होता.

*

इथून गोष्ट अवघड होते.

ददलानी १९९९ पासून शेखर रवजियानीबरोबर सिनेमाला संगीत देऊ लागला. विशाल-शेखर. २००३ मध्ये ‘झंकार बीट्स’, २००५ मध्ये ‘सलाम नमस्ते’. २००७ मध्ये पेंटाग्रामचा तिसरा अल्बम आला आणि त्याच वर्षी ‘ओम शांती ओम’. २०११ मध्ये ‘ब्लडीवुड’ आला, त्याच वर्षी ‘रा.वन’ आणि ‘द डर्टी पिक्चर’. एकच माणूस एका हाताने देशभर वाजणारं ‘ऊ ला ला’ करतो आणि दुसऱ्या हाताने थोड्या लोकांसाठी इंग्रजी रॉक. अल्बमला ‘ब्लडीवुड’ नाव देणं म्हणजे आपल्याच पोटापाण्याला मारलेली कोपरखळी. (दिल्लीचा आजचा प्रसिद्ध मेटल बँड ‘ब्लडीवुड’ वेगळा, तो नंतरचा.)

याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. पोटाची सोय एकीकडे लागल्यामुळे दुसरीकडे बँडला कुणापुढे वाकावं लागलं नाही. पेंटाग्रामच्या गाण्यांत उगाच पेरलेली सतार नाही, परदेशी लोकांना भारत विकण्यासाठी आणलेला तबला नाही. जे जगत होते, ज्या भाषेत आपसात भांडत होते, त्यातच त्यांनी गाणी केली. मुंबईच्या एका थराचं ते प्रामाणिक संगीत आहे. वांद्र्यातल्या पोराने ओढूनताणून लावणी रॉक करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पण या सोयीची किंमतही होती. बँडला पोट भरायचं नव्हतं, म्हणून श्रोते वाढवण्याची निकडही नव्हती. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, ईशान्येकडची काही शहरं, कॉलेजांचे महोत्सव, २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेला ‘एनएच७ वीकेंडर’ आणि तशाच तिकिटाच्या जागा. एवढ्यात त्यांचं जग पुरं होत होतं. मनमाडच्या पुढे यायची गरजच नव्हती. देवगिरी एक्सप्रेस रोज रात्री मुंबईहून निघून सकाळी परभणीला येते. तिच्यातून सगळं आलं, पेंटाग्राम आला नाही. आला तो थेट सिनेमाच्या वाटेने, नाव पुसून.

आणि तरी बघा, तो आला तेव्हा काय झालं. २००९ मध्ये ‘कमीने’तल्या ‘धन ते नान’मध्ये सुखविंदरसिंगच्या जोडीला हाच गळा होता. मग ‘मेरी कोम’मधलं ‘जिद्दी दिल’, मग ‘मल्हारी’. रॉकच्या मंचावर वर्षानुवर्षं घासून तयार झालेला गळा सिनेमाने उचलला आणि नायकाच्या तोंडी दिला. हिंदी सिनेमात आज खरबरीत गळ्याचं कुणाला नवल वाटत नाही, त्यामागे हे एक मोठं कारण आहे असं मला वाटतं. पेंटाग्रामचा सगळ्यात खोल परिणाम रॉक बँडांवर झालेला नाही, तो आपल्या कानांवर झालाय. बँडच्या अल्बमांपेक्षा तो कितीतरी लांब पोचला, फक्त त्याच्यावर बँडची सही नाही.

*

मग मराठीचं काय?

कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही चौघांनी मिळून एक इंग्रजी गाणं म्हटलं होतं. गिटार उसनी, ड्रमच्या जागी ऑक्टोपॅड. गाण्यातले निम्मे शब्द मी आवाजावरून पाठ केले होते, अर्थ माहीत नव्हता. समोर सातशे-आठशे पोरं शांत बसून होती. हुर्यो उडवली नाही, नाचलीही नाहीत. घरी आल्यावर आईने भाकरी वाढता वाढता विचारलं, “काय म्हणायलतास रे ते?”

मला सांगता आलं नाही.

समीक्षेची पुस्तकं नंतर वाचली, पण गाण्याला विचारायचा याहून नेमका प्रश्न मला सापडलेला नाही. तू काय म्हणत होतास? पेंटाग्रामला हा प्रश्न विचारला तर त्यांच्याकडे उत्तर आहे, कारण ती त्यांची भाषा आहे. माझ्याकडे नव्हतं. मी त्यांच्याकडून धाडस घ्यायचं सोडून उच्चार घेतला होता.

इतर भाषांत हे निराळं घडलं. बंगालीत सत्तरच्या दशकातच ‘मोहिनेर घोडागुली’ होता. १९९८ पासून कोलकात्याचा ‘फॉसिल्स’ बंगालीत कडक रॉक वाजवतोय. मल्याळममध्ये ‘अवियल’ने २००८ मध्ये पहिला अल्बम काढला : पर्यायी रॉक, पण शब्द केरळचे. या बँडांना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. त्यांना आपल्या गावच्या माणसाशी बोलायचं होतं.

मराठीत असं का झालं नाही? मुंबई मराठी माणसाची राजधानी आणि रॉकचीही राजधानी, तरी दोघांची गाठ पडली नाही. पहिलं कारण सरळ आहे. मुंबईच्या रॉकची पोरं ज्या घरांतून, चर्चच्या गायनवृंदांतून, इंग्रजी शाळांतून आली, तिथे मराठी ही शेजारची भाषा होती. दुसरं कारण आपल्या अंगावर येतं. आपल्याकडे प्रतिष्ठित गाणं म्हणजे नाट्यसंगीत, भावगीत, अभंग. चिडलेलं, ओरडणारं गाणं आपल्याकडेही होतं, पण ते शाहिरीत होतं, आंबेडकरी जलशात होतं, वामनदादा कर्डकांच्या परंपरेत होतं. मध्यमवर्गीय मराठी पोराला बंड करावंसं वाटलं की तो सिअ‍ॅटलकडे बघायचा. गल्लीच्या टोकाला चौदा एप्रिलच्या मंचावर काय चाललंय तिकडे बघायचा नाही. यात जात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मीही बघितलं नव्हतं.

कवितेत ही गाठ पडली होती. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची भाषा कुठल्याही रॉक अल्बमपेक्षा मोठ्या आवाजात बोलते. अरुण कोलटकर पखवाज शिकत होते आणि सत्तरच्या दशकात त्यांनी इंग्रजी गाणी लिहून ती रेकॉर्डही केली. मराठी आणि रॉक एकाच माणसाच्या डोक्यात, एकाच शहरात शेजारीशेजारी होते. पण कोलटकरांनीही मराठी कवितेसाठी ठेवली आणि गाणी इंग्रजीत केली. तो दरवाजा तिथेच अर्धा उघडा राहिला.

अलीकडे काही जण त्यातून शिरले. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ संतांचे अभंग गिटार-ड्रमवर वाजवतो. मी जनाबाईच्या गंगाखेडच्या जिल्ह्यातला माणूस, मला ते ऐकताना बरं वाटतं. पण बरं वाटण्यातच थोडी मेख आहे. सातशे वर्षांपूर्वी जनाबाईने स्वतःचं, त्या दिवसाचं, जात्यावरचं दुःख आपल्या शब्दांत म्हटलं होतं. तिचे शब्द वाजवणं चांगलंच, पण तिने केलं ते करणं म्हणजे आपल्या आजच्या दिवसाचं गाणं करणं. पीकविम्याचं, स्पर्धा परीक्षेत गेलेल्या सहा वर्षांचं, पुण्यातल्या कॉट बेसिसचं. तशा गाण्याला जुना अभंग उसना चालत नाही.

आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ आलं. संगणकावरचा हाऊस ठेका, वर ठसठशीत मराठी शब्द. लोकांनी त्यावर रील्स केल्या, गंमत म्हणून नाचले. मला त्यात ‘अप’ची आठवण झाली. २००२ मध्ये चार जणांनी सोवळं मोडून गिटारीत संगणक आणला, तेव्हा जे धाडस इंग्रजीत झालं, ते बावीस वर्षांनी मराठीत आलं. सरळ वारसा आहे असं मी म्हणत नाही. पण भारतातलं गाणं भारतात, घरच्या संगणकावर, कुणाची परवानगी न घेता करता येतं आणि त्यावर मैदान नाचवता येतं, हे ज्यांनी आधी करून दाखवलं त्यांत पेंटाग्राम पुढच्या रांगेत आहे.

*

तुम्हाला ऐकायचं असेल तर माझ्यासारखं उलटं ऐकू नका, आणि अगदी पहिल्यापासूनही नको. ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’पासून सुरुवात करा. तिथे बँडचे दोन्ही पाय, रॉकचा आणि नाचाचा, सारख्याच जोराने जमिनीवर आहेत. मग ‘ब्लडीवुड’. त्यानंतर मागे जाऊन ‘अप’. पहिला अल्बम शेवटी, म्हणजे ते कुठून निघाले होते ते कळेल. चांगला इअरफोन घ्या. बेस ऐकू आला नाही तर पेंटाग्राम निम्मा गेला. गिटार आकाशात भरकटते तेव्हा जमीन धरून ठेवायचं काम माने करतो.

मार्च महिन्यात आमच्याकडे बेंजो पार्टीची पोरं संध्याकाळी एका पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतात. चौदा एप्रिलच्या ऑर्डरी असतात. यंदा एकदा मी तिथे गेलो आणि त्यांच्याच स्पीकरला मोबाईल जोडून ‘इलेक्ट्रिक’ लावलं. आधी सगळे गप्प. मग ऑक्टोपॅडवाल्याने ठेका पकडला. बेंजोवाला मान तिरकी करून गिटार ऐकत होता.

“हा मल्हारीवाला हे ना?” एकाने ओळखलं.

“हो. त्याचा हा जुना बँड.”

“आन् बेस?”

“पापल माने.”

“माने? मग आपलाच की!” सगळे हसले. आपला म्हणजे कुठला, ते मला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही विचारायचं नव्हतं.

गाणं संपल्यावर बेंजोवाल्याने तोच सूर बटणांवर शोधायला घेतला. तीनचारदा चुकला, मग सापडला. कर्ण्यातून फाटून आला तेव्हा तो मूळ गाण्याहून फार लांबचा वाटला नाही. त्याने मला विचारलं, “सर, ह्यात ते काय म्हणायलेत?”

मी सांगायला सुरुवात केली. त्याने मध्येच थांबवलं. “राहू द्या. शबुद आपले टाकू.”

आणि त्याने ऑक्टोपॅडवाल्याला पुन्हा ठेका धरायला सांगितलं.